जहाज लागलं, शहर अजून लांब

क्रूझच्या जाहिरातीत ‘रोम’ छापलेलं असतं आणि जहाज लागतं चिविताव्हेक्कियाला, रोमपासून सत्तर-ऐंशी किलोमीटरवर. ‘फ्लॉरेन्स’ म्हणजे लिव्होर्नो, ‘पॅरिस’ म्हणजे ल हाव्र, ‘बर्लिन’ म्हणजे बाल्टिकच्या काठावरचं वार्नेम्युंडे, ‘बँकॉक’ म्हणजे लाएम चाबांग. त्यात फसवाफसवी नाही, खालच्या बारीक अक्षरांत बंदराचं नाव दिलेलं असतं. पण सकाळी सातला जहाज धक्क्याला लागलं आणि संध्याकाळी सातला सुटणार असेल, तर मधल्या वेळात शहर गाठायचं, बघायचं आणि परतायचं कसं, हा हिशेब प्रत्येकाला करावाच लागतो. जहाजाच्या सहल-विभागाकडे आगाऊ पैसे भरून त्यांच्या बसमध्ये बसायचं, की धक्क्यावर उतरून आपलं आपण जायचं? क्रूझ करणाऱ्यांत यावरून दोन तट आहेत आणि दोन्हीकडे अनुभवी माणसं आहेत.

मराठी प्रवाशाला हा प्रश्न तसा नवा. सिंगापूरहून पेनांग-फुकेतची चार रात्रींची फेरी, मुंबईहून गोवा-लक्षद्वीप, मुलं परदेशात असतील तर त्यांच्यासोबत भूमध्य समुद्र किंवा अलास्का, असा गेल्या काही वर्षांत त्याचा क्रूझशी संबंध वाढला आहे. त्यामुळे या वादात कोण काय म्हणतं आणि कुठे काय अडलेलं आहे, हे एकत्र मांडून बघण्यासारखं आहे. वाद बहुतेक वेळा स्वभावाचा म्हणून रंगवला जातो: धाडसी लोक एकटे जातात, भित्रे बसमध्ये बसतात. माझ्या मते स्वभावापेक्षा दोन गोष्टी जास्त निर्णायक ठरतात. जहाजाच्या शिडीपासून बंदराच्या फाटकापर्यंतचा पहिला किलोमीटर कोणाच्या ताब्यात आहे, ही एक. आणि परतीच्या शेवटच्या तासात काय काय बिघडू शकतं, ही दुसरी.

पूर्वपीठिका

जहाजातून उतरून स्वतःच शहर गाठणं ही मूळ पद्धत. 1867 साली ‘क्वेकर सिटी’ नावाच्या बोटीने अमेरिकन प्रवाशांची एक तुकडी युरोप आणि पॅलेस्टाइनच्या सफरीला निघाली. तिच्यात मार्क ट्वेन होता. बंदरात बोट लागली की प्रवासी आपापले गट करून निघत, रेल्वे पकडत, वाटाड्या ठरवत आणि त्याच्याशी भांडत. ट्वेन रोमला गेला तो चिविताव्हेक्कियामार्गेच. तिथून रोमला जाणारी रेल्वे 1859 मध्येच सुरू झाली होती. आजचा प्रवासी तोच रस्ता धरतो.

मुंबईत तर एके काळी जहाज आणि गाडी यांच्यात अंतरच उरलेलं नव्हतं. बॅलार्ड पिअरवर विलायतेची टपालबोट लागायची आणि शेजारीच बॅलार्ड पिअर मोल नावाचं रेल्वे स्टेशन होतं. पेशावरपर्यंत जाणारी फ्रंटियर मेल 1928 मध्ये सुरू झाली, ती हंगामाच्या महिन्यांत इथूनच सुटत असे. साहेब शिडी उतरला, हमालाने ट्रंका उचलल्या, की समोर गाडी. ते स्टेशन आता नाही.

चित्र पालटलं ते जहाज हेच मुक्कामाचं ठिकाण झाल्यावर. विमानामुळे समुद्रमार्गाची नियमित वाहतूक संपली आणि 1970 च्या दशकापासून सुट्टीची क्रूझ हा मोठा धंदा झाला. तिकीट स्वस्त ठेवायचं आणि जहाजावरचा खर्च, कॅसिनो, दारू, सहली यांतून कमवायचं, असं त्याचं गणित बसलं. मोठ्या क्रूझ कंपन्यांच्या हिशेबात किनाऱ्यावरच्या सहलींचं उत्पन्न जहाजावरच्या इतर उत्पन्नाबरोबरच धरलं जातं. 1977 मध्ये ‘नॉर्वेजियन’ या क्रूझ कंपनीने बहामातलं ग्रेट स्टिरप के हे बेटच आपल्या प्रवाशांसाठी घेतलं. परक्या शहराची कटकट नको, किनाराही आपलाच असावा, हा विचार पुढे इतरांनीही उचलला.

दुसरा बदल आकाराचा. 2024 मध्ये सेवेत आलेल्या ‘आयकॉन ऑफ द सीज’वर सात हजारांहून अधिक प्रवासी मावतात. एवढी माणसं सकाळी आठच्या सुमारास मोजक्या दारांतून बाहेर पडतात, तेव्हा टॅक्सीच्या रांगेपासून संग्रहालयाच्या खिडकीपर्यंत सगळ्यांवर ताण येतो.

तिसरा बदल सुरक्षेचा, आणि तो फारसा कोणाच्या लक्षात येत नाही. अमेरिकेवरच्या 2001 च्या हल्ल्यांनंतर जहाजं आणि बंदरांच्या सुरक्षेची आंतरराष्ट्रीय नियमावली तयार झाली आणि 1 जुलै 2004 पासून लागू झाली. मालवाहू बंदरात पायी भटकणं बहुतेक ठिकाणी बंद झालं. जहाजातून उतरून सरळ चालत शहरात जाण्याची मोकळीक अनेक ठिकाणी तिथेच संपली. फाटकापर्यंत बंदराची किंवा जहाजाची शटल बस घ्यायची. ती कुठे फुकट असते, कुठे माणशी काही युरो मोजावे लागतात. पहिल्या किलोमीटरचा प्रश्न उभा राहिला तो असा.

सगळी बंदरं सारखी नसतात

या वादात लोक एकमेकांचं ऐकत नाहीत, त्याचं मोठं कारण म्हणजे एकाच्या डोळ्यासमोर पेनांग असतं आणि दुसऱ्याच्या लाएम चाबांग. पेनांगला स्वेटनहॅम पिअरवरून बाहेर पडलं की जॉर्ज टाउनची जुनी वस्ती पायाखालीच. तिथे बसची सहल घेणं म्हणजे बसायला पैसे देणं. नेपल्सला जहाज पिआझ्झा म्युनिचिपिओसमोरच लागतं. शेजारच्या मोलो बेव्हेरेल्लोवरून कॅप्रीच्या वेगबोटी सुटतात. मेट्रोने गारिबाल्डी स्टेशन आणि तिथून व्हेसुव्हियसला वळसा घालणारी जुनाट लोकल पकडली, की पाऊण तासाच्या आत पोम्पेई. ती लोकल इतकी भरलेली असते की मुंबईकराला ओळखीचं वाटावं. फक्त खिसा सांभाळायचा. सिंगापूरच्या मरीना बे टर्मिनलला 2014 पासून मरीना साउथ पिअर हे स्वतःचं मेट्रो स्टेशन आहे. डुब्रोव्हनिकला ग्रुझ बंदरापासून जुन्या शहराचं पिले दार तीनेक किलोमीटरवर, आणि साधी शहर बस तिथे सोडते. अथेन्सचं पिरेअसही आता सोपं झालं आहे. ऑक्टोबर 2022 मध्ये मेट्रोची तीन नंबरची लाइन तिथवर पोचली. धक्क्यापासून स्टेशनपर्यंत दीड-दोन किलोमीटरची पायपीट मात्र उरतेच.

मधला प्रकार म्हणजे जिथे एक नीट रेल्वे आहे. चिविताव्हेक्किया त्याचा आदर्श नमुना, म्हणून तिथे जरा थांबू. जहाजाजवळून शटल बस लार्गो देल्ला पाचे या ठिकाणी सोडते. तिथे टॅक्सीवाले, खासगी गाड्यांचे दलाल आणि तिकिटाच्या खिडक्या अशी गर्दी असते. ‘रोम, रोम, चार माणसं’ असा पुकारा ऐकू येतो, दादर स्टेशनबाहेरच्यासारखाच. तिथून स्टेशनला बस आहे, नाहीतर मायकेलअँजेलोच्या नावाच्या किल्ल्याजवळून समुद्राच्या कडेने चालत जाता येतं. प्रादेशिक गाडीचं कागदी तिकीट फलाटावरच्या यंत्रात छाप मारून घ्यावं लागतं. तिकीट खिशात असूनही छाप नसेल तर दंड होतो आणि परदेशी माणूस इथेच अडकतो. साधारण पाऊण ते एक तासात गाडी रोमा सान पिएत्रोला येते आणि तिथून सेंट पीटर्सचा चौक दहा-पंधरा मिनिटं चालत. जाऊन-येऊन भाडं दहा-बारा युरोंच्या घरात. जहाजाची दिवसभराची रोम सहल माणशी शंभर युरोंच्या वरच जाते. चार जणांच्या कुटुंबाला हा फरक डोळ्यांत भरतो.

आता वेळ मांडू. सातला जहाज लागलं तरी परवानगी मिळून उतरेपर्यंत आठ, स्टेशनवर पावणेनऊ, व्हॅटिकनला दहा. जहाजावर परतण्याची शेवटची वेळ सुटण्याच्या अर्धा ते एक तास आधी असते. म्हणजे साडेतीनच्या सुमारास रोम सोडलं तर हाताशी एक-दोन चुकलेल्या गाड्यांची सवड राहते. हातात पडतात पाच-साडेपाच तास. सेंट पीटर्स आणि कोलोसियम दोन्ही धड बघून होत नाही, एक निवडावं लागतं. जहाजाच्या बसनेही हातात फार वेळ जास्त येत नाही, कारण बस रोमच्या रस्त्यावरच्या वाहतुकीत सापडते.

दूरच्या प्रकारात ल हाव्र, वार्नेम्युंडे, लाएम चाबांग येतात, जिथे एका बाजूचा प्रवासच दोन-तीन तासांचा. आणि चौथा प्रकार, जिथे धक्काच नाही. जहाज समुद्रात नांगर टाकतं आणि छोट्या टेंडर बोटींनी किनाऱ्यावर नेतं. सँटोरिनीला टेंडर जुन्या बंदरात सोडते. वर फिरा गावात जायला केबल कार, खेचर किंवा 588 पायऱ्या. परतताना केबल कारची रांग तासाच्या वर गेली की लोक पायऱ्यांनी खाली धावतात. इथे पहिला किलोमीटर आडवा नसून उभा आहे. टेंडरच्या बंदरांत जहाजाची सहल घेतलेल्यांना आधी उतरवतात, ही गोष्टही हिशेबात धरावी लागते.

जहाजाची बाजू

जहाजाच्या सहलीचा सर्वांत मोठा युक्तिवाद एका वाक्यात मावतो: आमची बस उशिरा आली तर जहाज थांबतं, नाहीतर पुढच्या बंदरापर्यंत पोचवण्याचा खर्च आमचा. एकट्याने गेलेल्यासाठी जहाज थांबत नाही. यात कॅप्टनचा हट्ट नसतो. बंदराच्या पायलटची वेळ ठरलेली असते, धक्क्यावर दुसरं जहाज यायचं असतं, भरती-ओहोटी असते, पुढच्या बंदराची वेळ गाठायची असते. मार्च 2024 मध्ये आफ्रिकेच्या पश्चिमेकडच्या साओ तोमे बेटावर खासगी सहलीला गेलेले आठ प्रवासी उशिरा परतले. जहाज अजून नांगरावर दिसत होतं, तटरक्षक दलाच्या बोटीने त्यांना जवळ नेलं, पण वर घेतलं गेलं नाही. काही दिवस देशोदेशीची विमानं बदलत ते सेनेगलमध्ये जहाजाला जाऊन मिळाले. ही बातमी जगभर गाजली आणि जहाजाच्या सहलींची आयती जाहिरात झाली.

दुसरा मुद्दा कायद्याचा. काही ठिकाणी आगाऊ सहल ही सोय नसून अटच असते. सेंट पीटर्सबर्गला समुद्रमार्गे आलेल्या प्रवाशाला 72 तास व्हिसाशिवाय उतरता येई, पण मान्यताप्राप्त कंपनीच्या सहलीबरोबरच. स्वतंत्र भटकायचं तर रीतसर व्हिसा हवा. 2022 नंतर तिथली क्रूझ वाहतूक जवळजवळ थांबली, तरी नियमाचा हा नमुना लक्षात ठेवण्याजोगा आहे.

तिसरा मुद्दा म्हातारी माणसं, व्हीलचेअर, लहान मुलं यांचा. शटल, पायपीट, जिना, लोकल, पुन्हा पायपीट ही साखळी सत्तरीच्या आजीला झेपणारी नसते. बसच्या दारात चढून बसच्या दारात उतरणं ही तिच्यासाठी चैन नसून गरज आहे. स्वतः जाण्याचे गोडवे गाणारे बहुधा तिशी-चाळिशीचे असतात, हे ध्यानात ठेवलेलं बरं.

मात्र ‘जहाजाची सहल म्हणजे सुरक्षित’ हे समीकरण पुरतं खरं नाही. 9 डिसेंबर 2019 रोजी न्यूझीलंडच्या व्हाइट आयलंडवर ज्वालामुखीचा स्फोट होऊन 22 माणसं दगावली. तिथल्या पर्यटकांपैकी बरेच जण क्रूझवरून सहल घेऊन आलेले होते. ऑक्टोबर 2025 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या लिझार्ड बेटावर एका छोट्या सफरी जहाजाच्या सहलीत डोंगर चढताना मागे राहिलेल्या 80 वर्षांच्या महिलेला न घेताच जहाज सुटलं आणि ती मृतावस्थेत सापडली. दोन्ही प्रसंग अपवादाचे आहेत, आणि साओ तोमेचाही अपवादच. दोन्ही तट आपापला अपवाद नियमासारखा सांगतात.

स्वतः जाणाऱ्यांची बाजू

पैसा हा मुद्दा उघड आहे, पण जाणकार तो पहिला मांडत नाहीत. त्यांचं म्हणणं वेळेच्या मालकीबद्दल असतं. चाळीस-पंचेचाळीस जणांची बस सर्वांत हळू चालणाऱ्याच्या गतीने जाते. कोणी स्वच्छतागृहात अडकलं, कोणी दुकानात, की बाकीचे ताटकळतात. मधे एखाद्या चामड्याच्या किंवा दागिन्यांच्या दुकानात अर्धा तास थांबवतात आणि तिथे कोणाची टक्केवारी असते हे कोणी विचारत नाही. हातात क्रमांकाची पाटी घेतलेल्या गाइडमागे कानात यंत्र घालून चालणं अनेकांना शहर बघणंच वाटत नाही. ट्रेनमध्ये शेजारी बसलेला रोमन माणूस, स्टेशनबाहेर उभ्याने प्यायलेली कॉफी, हेच त्यांच्या लेखी शहर.

दुसरा मुद्दा असा की, माहितीची मक्तेदारी आता उरली नाही. गाडीचं वेळापत्रक, बसचा थांबा, भाडं सगळं फोनवर दिसतं, मलेशिया-सिंगापूरमध्ये टॅक्सीसाठी ग्रॅब ॲप आहे, नकाशा आधीच उतरवून ठेवता येतो. मात्र फोनची एक खोडही आहे. तो आपोआप स्थानिक वेळ दाखवतो आणि जहाज कधी कधी स्वतःचीच वेळ पाळतं. जहाज चुकण्याच्या अनेक गोष्टींत हे कारण निघतं. साधं हातघड्याळ जहाजाच्या वेळेवर लावून जाणारे जुने प्रवासी म्हणूनच हसण्यावारी नेऊ नयेत.

या बाजूची दुबळी जागा म्हणजे तो शेवटचा तास. इटलीत रेल्वेचा संप आधी जाहीर होतो आणि कामाच्या दिवशी सकाळी 6 ते 9 आणि संध्याकाळी 6 ते 9 या वेळेत ठराविक गाड्यांची हमी असते. स्थानिक नोकरदारांसाठी ते ठीक. क्रूझच्या प्रवाशाची परतीची वेळ नेमकी दुपारी, म्हणजे हमी नसलेल्या पट्ट्यात पडते. यावर एकट्याने जाणाऱ्यांकडे उत्तर एकच: आधी तारीख तपासा आणि टॅक्सीचे पैसे बाजूला ठेवा.

आणखी एक पेच नवा आहे. बुकिंग नको म्हणणाऱ्यालाही हल्ली बुकिंग करावंच लागतं, फक्त वाहनाचं नव्हे, ठिकाणाचं. अथेन्सच्या अक्रोपोलिसवर सप्टेंबर 2023 पासून दिवसाला वीस हजारांची मर्यादा आणि वेळेचे गट आहेत. कोलोसियमचं तिकीट नावावर आणि वेळेवर मिळतं. बार्सिलोनाच्या सग्रादा फामिलियाचंही तेच. जहाज तासभर उशिरा लागलं की स्वतः काढलेलं अकराचं तिकीट वाया. शिवाय वार बघावा लागतो: फ्लॉरेन्सचं उफ्फिझी संग्रहालय सोमवारी बंद, पॅरिसचं लूव्र मंगळवारी, व्हॅटिकन संग्रहालय बहुतेक रविवारी, आणि आपली घारापुरी सोमवारी.

मधली वाट

दोन टोकांच्या मधे बरीच जागा आहे आणि मला वाटतं, बहुतेक कुटुंबांचं उत्तर तिथेच सापडतं. जहाजंच ‘फक्त ने-आण’ विकतात: बस शहरात सोडते, पाच तासांनी त्याच जागेवरून उचलते, मधे तुम्ही मोकळे. उशीर झाला तर जबाबदारी जहाजाची, अट एवढीच की तुम्ही बसपाशी वेळेवर हजर हवं. लिव्होर्नो, ल हाव्रसारख्या बंदरांना हे चोख बसतं. दुसरी सोय स्थानिक कंपन्यांची. क्रूझच्या वेळापत्रकावरच त्यांचा धंदा उभा असल्यामुळे परतीच्या वेळेची हमी त्याही देतात. सहा-आठ जणांनी मिळून एक व्हॅन केली तर दर जहाजाच्या सहलीपेक्षा उतरतो. हमी कितपत पाळली जाते, हे मात्र त्या कंपनीच्या ऐपतीवर.

पुण्या-मुंबईच्या टूर कंपन्यांनी वेगळाच मार्ग काढला. अख्खा गट, सोबत टूर मॅनेजर, बंदरावर कंपनीची बस उभी, दुपारी भारतीय जेवण. जहाजाच्या दृष्टीने हे लोक स्वतंत्र प्रवासी, आणि प्रत्यक्षात सर्वांत पक्कं बुकिंग त्यांचंच. दुपारच्या शाकाहारी जेवणासाठी शहरातला तास-दीड तास खर्ची पडतो ही जुनी कुरकुर आहे. त्यावर जहाजावरून डबा बांधून न्यायचा विचार कोणी केला, तर ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये नको. तिथे खालच्या तपासणीत एक सफरचंद निघालं तरी जागच्या जागी दंड होतो.

भारतीय पासपोर्टचा हिशेब

या विषयावरचं बहुतेक लेखन अमेरिकन किंवा ब्रिटिश प्रवाशाला समोर ठेवून झालेलं आहे, आणि इथेच ते आपल्याला अपुरं पडतं. जहाज चुकलं तर ब्रिटिश माणूस पुढच्या बंदराचं विमान पकडतो. आपल्याला आधी पुढच्या देशाचा व्हिसा बघावा लागतो. युरोपच्या मार्गावर तुर्कस्तान किंवा ट्युनिशियासारखं शेंगेनबाहेरचं बंदर मधे आलं तर एकदाच प्रवेश देणारा शेंगेन व्हिसा पुरत नाही. त्यात अनेक जहाजांवर पासपोर्ट कंपनीकडे जमा असतो. प्रवासी उतरतो ते जहाजाचं कार्ड आणि झेरॉक्स घेऊन. जहाज सुटलं तर पासपोर्ट स्थानिक एजंटकडे सोपवून जाण्याची पद्धत आहे, पण तोवर तुमच्याकडे ओळखीचा कागद नाही. म्हणजे उशीर तेवढाच झाला तरी त्याची किंमत भारतीयाला जास्त पडते. मलेशिया आणि थायलंडने 2023 अखेरीपासून भारतीयांना व्हिसामुक्त प्रवेश दिल्यावर सिंगापूरच्या फेऱ्यांत ही धास्ती बरीच कमी झाली. अर्थात अशा सवलती मुदतीच्या असतात, निघताना पुन्हा तपासून घ्याव्या.

मुंबई आणि मुरगाव

आपल्याकडे जहाजं येतात तेव्हा हाच प्रश्न उलट बाजूने दिसतो. मुंबईचं स्थान खरं तर कोणत्याही बंदराला हेवा वाटावा असं. बॅलार्ड पिअरपासून सीएसएमटी आणि गेटवे दोन्ही दीड-दोन किलोमीटरच्या टप्प्यात, मधे बॅलार्ड इस्टेटची सावलीची रुंद फरसबंदी. सप्टेंबर 2025 मध्ये नव्या आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचं उद्घाटन झालं. वर्षाला दहा लाख प्रवासी हाताळण्याची त्याची क्षमता सांगितली जाते. पुढच्याच महिन्यात मेट्रो-3 कफ परेडपर्यंत धावू लागली. म्हणजे सीएसएमटीला भुयारात उतरून महालक्ष्मीचा धोबीघाट किंवा सिद्धिविनायक कोणाला न विचारता गाठता येतो. जहाजावरून उतरलेल्या परदेशी पाहुण्याला मुंबईत आजवर एवढी सोय नव्हती.

तरी बंदराच्या ग्रीन गेटबाहेर उभं राहून बघा. पाहुणा बाहेर येतो, ऊन डोळ्यांवर येतं, आणि दोन पावलांत चार जण पुढे होतात. एकाच्या हातात प्लास्टिकमध्ये घातलेला फोटोंचा तक्ता: धोबीघाट, मणिभवन, हँगिंग गार्डन, धारावी. दर डॉलरमध्ये. काळी-पिवळीचं किमान भाडं फेब्रुवारी 2025 पासून 31 रुपये आहे आणि गेटवेला मीटरने फारसं जास्त होत नाही, हे त्या पाहुण्याला सांगणारी पाटी त्याला सहज दिसेल अशी नसते. टॅक्सीवाल्याचीही एक बाजू आहे. जहाज यायच्या दिवशी तो पहाटेपासून रांगेत असतो, शेकडो प्रवासी आधीच ठरलेल्या एसी बसमध्ये बसून त्याच्यासमोरून निघून जातात, आणि उरलेल्या मूठभरांकडून त्याला दिवस काढायचा असतो. तीस रुपयांच्या भाड्यासाठी तो रांगेत उभा राहिलेला नाही.

घारापुरीचा हिशेब वेगळा. गेटवेवरून लाँचने जायला तास, यायला तास, वर पायऱ्या, लेणी, म्हणजे साडेचार-पाच तास गेले. पावसाळ्यात आणि समुद्र खवळला की लाँच बंद. एकट्याने जाणाऱ्याने ती दिवसातली पहिली गोष्ट ठेवावी, शेवटची नव्हे.

गोव्याच्या मुरगाव बंदराला मात्र अंतर खरंच आहे. पणजी तीसेक किलोमीटर, जुनं गोवं त्याच्या थोडं पुढे. वास्को स्टँडवरून पणजीला कदंबाची शटल बस आहे, आणि डिसेंबर 2022 पासून टप्प्याटप्प्याने खुल्या झालेल्या नव्या झुआरी पुलामुळे कुठ्ठाळीची जुनी कोंडी बरीच सुटली आहे. पण धक्का ते वास्को स्टँड हा टप्पा टॅक्सीच्याच ताब्यात. गोव्यात मीटर, ॲप आणि टॅक्सी संघटना यांचा झगडा जुना आहे. 2018 मध्ये राज्याच्या पाठबळाने ‘गोवा माइल्स’ ही ॲपवरची टॅक्सी सेवा आली तेव्हापासून तो आणखी तापला. संघटनांचं म्हणणं, पर्यटनाचं उत्पन्न स्थानिकाच्या हातात राहिलं पाहिजे. प्रवाशांचं म्हणणं, दर आधी कळला पाहिजे. दोन्ही म्हणणी एकाच वेळी रास्त असू शकतात, हीच तिथली अडचण.

शहरांचं म्हणणं

आजवर वाद जहाज आणि प्रवासी यांच्यात होता. गेल्या काही वर्षांत शहर हा तिसरा पक्ष बोलू लागला. डुब्रोव्हनिकने 2019 मध्ये क्रूझ उद्योगाशी करार करून दिवसाला दोन जहाजं अशी मर्यादा घातली. व्हेनिसमध्ये 25 हजार टनांवरच्या जहाजांना ऑगस्ट 2021 पासून जुदेक्का कालव्यात बंदी आहे, आणि 2024 पासून गर्दीच्या ठराविक दिवशी दिवसापुरतं येणाऱ्यांकडून प्रवेशशुल्क घेतात. ग्रीसने जुलै 2025 पासून क्रूझ प्रवाशांवर कर बसवला. मिकोनोस आणि सँटोरिनीला हंगामात तो माणशी 20 युरो. अलास्कातल्या जुनोने 2024 पासून दिवसाला पाच मोठी जहाजं एवढीच ठेवली. अॅमस्टरडॅमने 2026 पासून वर्षाला शंभर जहाजांची मर्यादा ठरवून पुढे टर्मिनल शहराच्या मध्यातून हलवण्याचा बेत केला आहे.

शहरांची तक्रार अशी की क्रूझचा प्रवासी झोपतो जहाजावर, जेवतो जहाजावर आणि शहराच्या वाट्याला फक्त त्याची पावलं येतात. एकट्याने हिंडणारा निदान बसचं तिकीट काढतो, कोपऱ्यावर खातो, असं काहींना वाटतं. उलट बसच्या सहली निदान ठरलेल्या वेळी ठरलेल्या ठिकाणी येतात, त्यांचं नियोजन करता येतं, एकेकटे पाच हजार लोक लोकलमध्ये घुसले तर रोज कामाला जाणाऱ्यांचे हाल होतात, असंही म्हटलं जातं. शहराच्या पदरात नेमकं कोणामुळे जास्त पडतं, याचं सर्वमान्य मोजमाप झालेलं नाही. आकडे येतात ते बहुधा ज्याच्या त्याच्या बाजूने.

जे अजून सुटलेलं नाही

पहिली उणीव माहितीची. जहाज दरवर्षी किती जणांचं चुकतं, त्यांतले एकट्याने गेलेले किती आणि जहाजाच्या वेळेत गोंधळलेले किती, याचा एकत्रित आकडा समोर येत नाही. कंपन्यांना तो देण्याची निकड नाही. मग धावत येणाऱ्या प्रवाशांचे व्हिडिओ हाच पुरावा उरतो. विम्याचंही तसंच. जहाज चुकण्याची भरपाई मिळते का, आणि रेल्वे संपामुळे चुकलं तर मिळते का, हे पॉलिसीगणिक बदलतं आणि भारतीय पॉलिसींत ते वाचून समजून घ्यावं लागतं.

पहिल्या किलोमीटरचा खर्च कोणी उचलायचा, यावरही एकमत नाही. बंदराचं म्हणणं जहाजाने, जहाजाचं म्हणणं बंदराने, आणि बरेचदा पैसे भरतो प्रवासी. शटल फुकट आणि दर लिहिलेला असेल तिथे लोक आपोआप सार्वजनिक वाहतुकीकडे वळतात. शटल महाग आणि टॅक्सी बेभरवशाची असेल तिथे जहाजाची बसच खपते. धोरण ठरवायला हा सर्वांत सोपा धागा आहे, पण त्याकडे फारसं कोणी बघत नाही.

आणि मला सर्वांत अडचणीची वाटते ती गोष्ट अशी. गर्दीला कंटाळलेली शहरं जहाजांना लांब ढकलत आहेत. बार्सिलोनाने ऑक्टोबर 2023 मध्ये शहराला चिकटलेला उत्तरेकडचा धक्का क्रूझला बंद केला. आता जहाजं लांबच्या मोल अदोसातवर लागतात आणि कोलंबसच्या स्तंभापर्यंत बस घ्यावी लागते. 2030 पर्यंत टर्मिनलं सातावरून पाचावर आणण्याचंही ठरलं आहे. व्हेनिसची काही जहाजं मार्गेराला, तर काही थेट राव्हेन्नाला जातात, म्हणजे शहरापासून जवळपास दीडशे किलोमीटर. धक्का जितका लांब, तितकं स्वतः जाणं अवघड आणि ठरलेल्या बसची विक्री सोपी. गर्दी कमी करायला उचललेलं पाऊल प्रवाशांना पुन्हा त्याच चाळीस-पंचेचाळीस माणसांच्या बसमध्ये बसवतं, आणि ती बस सकाळी दहाला शहराच्या वेशीवर रांगेत येऊन उभी राहते. शहरांनी अजून तरी या बसचं काय करायचं ते ठरवलेलं नाही.